मराठवाड्यात घरी स्की बनवताना

मराठवाड्यात स्की, म्हणजे बर्फावर घसरायला बुटाखाली लावायची लांब फळी, बनवायला घ्यावी ती माघ-फाल्गुनात. फेब्रुवारीत हवा कोरडी झालेली असते, लाकडात ओल नसते आणि सकाळी खोलीत २२ ते २६ अंश सहज मिळतात. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा चिकटवलेला गाभा (स्कीच्या आतलं लाकूड) उन्हाळ्यात आकसतो, शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या चिकट मिश्रणावर, मेणचट साय धरते आणि तिच्यावर पुढचा थर बसत नाही. मे महिन्याचं तर नावच नको. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना ४० मिनिटं देणारं मिश्रण पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशांना पंधरा मिनिटांत आटोपतं. एका स्कीचे थर लावायला सवयीच्या हातांनाही अर्धा तास लागतो. थर लावण्याआधीची सगळी कामं मात्र कितीही सावकाश करता येतात, आणि तशीच करावीत.

माप ठरवणं

उत्तराखंडात औलीला किंवा काश्मीरमध्ये गुलमर्गला जाणाऱ्या, ६५ ते ७५ किलो वजनाच्या माणसासाठी पहिली जोडी १७४ सेंमी लांब धरा. रुंदी पुढे १२२, कमरेत ९०, मागे ११२ मिमी. वळणाची त्रिज्या कागदावरच काढता येते. पुढची आणि मागची रुंदी मिळवा, त्यातून कमरेची दुप्पट वजा करा आणि चाराने भागा: (१२२ + ११२ − १८०) ÷ ४ = १३.५ मिमी. ही कडेची खोली. बर्फाला टेकणाऱ्या कडेची लांबी १४०० मिमी असेल तर तिचा वर्ग खोलीच्या आठपटीने भागायचा. उत्तर येतं सुमारे १८ मीटर. शिकाऊ आणि मध्यम स्कीअरला ही त्रिज्या सोयीची. पहिल्या जोडीत यापेक्षा चमत्कारिक आकाराच्या नादी लागू नका.

सामान

तीन गोष्टी इथे मिळत नाहीत, त्या बाहेरून मागवाव्या लागतात: पोलादी कडा, तळाचं १.२ मिमी पॉलिथिलीन आणि कडांवर बसणारी पातळ रबरी पट्टी. कडांच्या जागी जालन्याची साधी पट्टी वापरायचा मोह टाळा. ती मऊ असते, धार धरत नाही, आणि थरांत अडकून राहायला लागणारे दातेही तिला नसतात. तळाचं पॉलिथिलीन एका बाजूने ज्वाला फिरवून तयार केलेलंच घ्या. तशी प्रक्रिया नसलेल्या पॉलिथिलीनला इपॉक्सी चिकटतच नाही.

बाकीचं जवळपास मिळतं. ७५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, तीन दिशांना धागे असलेलं काचकापड (काचेच्या धाग्यांचं कापड) दोन्ही स्कींसाठी मिळून सव्वा चौरस मीटर लागतं. इपॉक्सी दीड किलो आणा. दुकानात सावकाश कडक होणारा हार्डनर स्पष्ट सांगून मागा, नाहीतर हाती येतो तो बहुधा जलद जातीचा.

गाभ्यासाठी वखारीत अ‍ॅश किंवा स्टीम बीच मिळतं. हलक्या बाजूंसाठी पॉप्लर मागवा. सागवान चिकटवताना त्रास देतं, कारण त्याच्यातलं तेल इपॉक्सी धरू देत नाही. बाभूळ फार जड. पॅकिंगच्या पेट्यांचं पाईन स्वस्त असतं, पण बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचे, स्क्रू त्यातून उपटून येतात.

गाभा

१२ ते १५ मिमी रुंदीच्या पट्ट्या उभ्या लावून चिकटवा: मधे दोन-तीन अ‍ॅशच्या, दोन्हीकडे पॉप्लरच्या. एक सोडून एक पट्टी उलटी फिरवा, म्हणजे वाढीच्या वलयांचा कल एकमेकांना तोलतो आणि गाभा पिळत नाही. पट्टीत गाठ दिसली तर ती पट्टी टाकून द्या. बाहेरच्या अंगाला १० मिमी रुंदीची एबीएसची (टणक प्लास्टिकची) पट्टी येते. तिला ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत केल्याशिवाय चिकटवू नका.

मग जाडी उतरवायची. टोकांना २ मिमी, बुटाखाली ११ मिमी. दोन्ही बाजूंना उतरत्या पट्ट्या लावून त्यांवरून राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) सरकवला की उतार एकसारखा येतो, हातरंध्याने तो साधत नाही. दर १० सेंमीवर व्हर्नियरने माप घेऊन लाकडावरच लिहा. दोन्ही गाभ्यांत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक नको. जाडी १० वरून ११ केली की स्की २० टक्क्यांहून जास्त कडक होते, त्यामुळे एक पाय वाकतो आणि दुसरा वाकत नाही अशी जोडी तयार होते.

साचा आणि दाब

दरवाज्यांच्या जाळ्या नि देवघरं कापणारे सीएनसी राउटरवाले आता प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत. त्यांच्याकडून १८ मिमी एमडीएफच्या सात-आठ एकसारख्या फाकी कापून घ्या आणि शेजारी शेजारी जोडून साचा करा. पुढचं टोक ५५ मिमी उचललेलं, मागचं २० मिमी, मधला बाक ६ मिमी. वर १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टाका, म्हणजे फाकींच्या रेघा तळावर उमटत नाहीत.

कारखान्यात तीन-चार बार दाबाचा प्रेस असतो. घरी व्हॅक्यूम बरा, म्हणजे साच्यावरची स्की हवाबंद पिशवीत घालून आतली हवा पंपाने ओढून घ्यायची, आणि एसी दुरुस्त करणाऱ्याचा पंप त्याला पुरतो. एका स्कीवर दीड टनाहून जास्त भार सगळीकडून सारखा येतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरांच्या आसपास उंचीवर असल्याने तिथे गेजचा काटा (पाऱ्याच्या) २८ इंचांच्या वर जाणार नाही, तेव्हा पंपाला दोष देऊ नका. २५ च्या खाली राहिला तर मात्र पिशवी कुठेतरी गळते आहे. ती गळती इपॉक्सी कालवण्याच्या आदल्या दिवशी, रिकाम्या पिशवीवर शोधायची असते.

तळ आणि कडा

तळ कापताना कडांची रुंदी दोन्हीकडून वजा करा. कडा अ‍ॅसिटोनने पुसा, टोकाचा बाक आधी जिगवर (वळवायच्या साच्यावर) वळवून घ्या, आणि दर पाच सेंमीवर फेव्हिक्विकचा थेंब देऊन क्लॅम्प लावा. कडा आणि तळ यांत फट राहिली तर पाणी तिथूनच शिरतं आणि गोठून थर उचकटतं. तळाच्या बाहेरच्या अंगावर पूर्ण टेप चिकटवा.

थर लावणं

आदल्या संध्याकाळी सगळे थर कोरडेच रचून पाहा. पिशवी बंद करण्यापर्यंत सगळं, घड्याळ लावून. २५ मिनिटांत जमलं नाही तर पुन्हा करा. सकाळी सातला सुरुवात करा, सोबत एक माणूस हवाच.

एका स्कीला ७०० ग्रॅम मिश्रण लागतं. दहास एक प्रमाणाची जात असेल तर ते ३५० ग्रॅमच्या दोन घाण्यांत कालवा: ३१८ ग्रॅम रेझिन, ३२ ग्रॅम हार्डनर. प्रमाण वजनकाट्यावरच घ्या, कपाने मोजलं तर चुकतं. तीन मिनिटं, भांड्याच्या कडा खरवडत ढवळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात तेच मिश्रण स्वतःच्या उष्णतेने धुमसायला लागतं.

क्रम असा: तळ, कडांच्या दात्यांवर रबरी पट्टी, काचकापड, गाभा, काचकापड, वरचं आवरण. प्रत्येक पृष्ठभागाला इपॉक्सी आधी लावून मगच पुढचा थर ठेवा. गाभ्याचं लाकूड कोरडं राहिलं तर ते काचेतलं रेझिन शोषून घेतं आणि तिथे पुढे पोपडा सुटतो. काचकापडाचे उभे धागे वर आणि खाली दोन्हीकडे गाभ्याच्या अंगाला असावेत, आणि कापड ओढून तिरपं होऊ देऊ नका. पिळलेल्या स्कींचं नेहमीचं कारण हेच, आणि नंतर त्याला उपाय नाही.

वरच्या आवरणाला हिमरूचं कापड फार सुंदर दिसतं. पण पातळ कापड इपॉक्सीत भिजलं की पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड दिसतं. म्हणून आधी एक तुकडा भिजवून पाहा, गरज पडली तर खाली पांढऱ्या रंगाचा हात द्या. वर पातळ काचकापडाचा एक थर हवा.

व्हॅक्यूम २४ तास चालू ठेवा. दुपारी वीज जाते हे धरून पंपाला इन्व्हर्टर जोडा. पहिल्या आठ तासांत दाब गेला तर ती स्की गेलीच. उन्हात तापवून लवकर पिकवायची घाई करू नका: पॉलिथिलीन पोलादाच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं. ४५ अंशांना घट्ट झालेली स्की उणे दहाच्या बर्फावर गेली की तळ आकसतो, मधे खोलगट होतो आणि कडा बर्फात अडकायला लागतात.

साफसफाई आणि बाइंडिंग

साच्यातून काढल्यावर जिगसॉने दोन मिमी जास्त ठेवून कापा, उरलेलं बेल्ट सँडरने. काचेची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, त्यामुळे नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लावा. कडांची धार फाइलने द्या: तळाकडून १ अंश, बाजूने २ अंश. ग्राइंडरवर धरली तर कड निळी पडते आणि तिचा कडकपणा जातो.

आठवडाभर स्की तशीच राहू द्या. मग दोन खुर्च्यांवर टेकवून मधे भार देत वाकवा. कट्कन आवाज आला तर ती बर्फावर न्यायची नाही. बाइंडिंगची भोकं ३.६ मिमी, खोली ९ मिमी. ड्रिलला टेप गुंडाळून खूण करा, कारण ११ मिमीच्या गाभ्यात दोन-तीन मिमी जास्त गेलं की टोक तळाजवळ पोचतं. भोकात इपॉक्सीचा थेंब टाकून स्क्रू बसवा. बूट कितीशा झटक्याला सुटावा हे सेटिंग मात्र घरी ठरवू नका. औलीला किंवा गुलमर्गला पोचल्यावर स्वतःच्या बुटांसह तिथल्या तंत्रज्ञाकडून ते लावून घ्या आणि पहिला दिवस सौम्य उतारावरच काढा.