उसाच्या ट्रॉलीवर ओंडके भरणारा हायड्रॉलिक विंच कसा बसवावा

उसाचा हंगाम आटोपला की कोल्हापूर जिल्ह्यात ट्रॉल्या बांधावर उभ्या राहतात. त्याच सुमारास पन्हाळा, शाहूवाडी, आजरा भागात बांधावरची निलगिरी, सुबाभूळ तोडायला आलेली असते. पावसाळा लागण्याआधी ते लाकूड वखारीत पोचवायचं तर सहा-सात माणसं, पहारी आणि दोरखंड लागतात, आणि चिरडलेली बोटं याच कामात दिसतात. दोन चाकी ट्रॉलीला उभे खांब, कलती चॅनेलं आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलावर चालणारा विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारा ड्रम, जोडला, तर हेच काम तीन माणसांत होतं. मोठी क्रेन लागत नाही, कारण ओंडका उचलायचाच नसतो. तो लोळवत वर न्यायचा असतो.

आधी वजनाचा हिशोब

वखारीत लाकूड चौथाई घेराने मोजतात: घेराला चारने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. 4 फूट घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका या हिशोबात 10 घनफूट भरतो. गोल लाकडाचं खरं आकारमान मात्र जवळपास 12.7 घनफूट असतं. सौद्यासाठी वखारीचं माप चालतं, वजनासाठी चालत नाही. ताजी तोडलेली निलगिरी जवळपास पाण्याइतकी जड धरा, म्हणजे घनफुटाला 28 किलो. तो ओंडका 360 किलोंचा निघतो, वखारीच्या मापाने 280 चा वाटतो. असे दहा भरले की फरक 800 किलोंचा होतो. ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकात जेवढा भार लिहिला आहे, तेवढेच ओंडके न्या.

सांगाडा

चासी कापू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. म्हणून सगळं बोल्टने बसणारं आणि निघणारं करा, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात आराखडा दाखवून विचारून घ्या.

ट्रॉलीवर तीन ठिकाणी आडवी सी चॅनेलं टाका. त्यांच्या दोन्ही टोकांना चौकोनी पाइपची खोबण वेल्ड करा आणि खोबणीत उभे खांब बसवा. ज्या बाजूने माल भरायचा तिकडचे खांब उपसता आले पाहिजेत. पलीकडच्या खांबांना खालून तिरका टेकू द्या, कारण लोळत आलेला ओंडका त्यांच्यावरच आदळतो. वेल्डिंगला 7018 रॉड वापरा, आणि तो कोरडा ठेवा. दमट रॉडचं वेल्डिंग वरून छान दिसतं आणि भाराखाली तडकतं.

ड्रम आणि दोर

विंच ट्रॉलीच्या पुढच्या भिंतीशी, मधोमध बसवा. चालक आणि विंच यांच्यामध्ये जाड लोखंडी जाळी हवीच. दोर 10 मिलिमीटरचा, पोलादी गाभ्याचा घ्या. ड्रमला 6 इंची जाड पाइप, म्हणजे बाहेरून 168 मिलिमीटर. याहून बारीक पाइप घेतला की दोर तीव्र वळणाने मोडत राहतो आणि आतल्या तारा आधी तुटतात, त्या दिसतही नाहीत. पाइपची लांबी 300 मिलिमीटर ठेवली तर 30 मीटर दोर दोन थरांत बसतो. दोर पूर्ण सोडला तरी ड्रमवर पाच वेढे राहिलेच पाहिजेत.

शाफ्ट 50 मिलिमीटरचा, ईएन-8 पोलादाचा, आणि दोन्ही बाजूंना यूसीपी 210 बेअरिंग. मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) शाफ्टवर चावीने, म्हणजे खाचेतल्या पट्टीने, बसवण्यापेक्षा ड्रमच्या फ्लँजलाच (टोकाच्या चकतीलाच) बोल्ट करा, म्हणजे पीळ शाफ्टवर येत नाही. मोटरवर 15 दात, ड्रमवर 60 दात, पाऊण इंची पिचची चेन. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाला, फॅब्रिकेशनवाला आणि होज (तेलाची नळी) क्रिंप करणारा, तिघंही जवळजवळ भेटतात. कच्ची आकृती कागदावर मापांसह काढून घेऊन गेलात तर काम लवकर आणि नीट होतं.

तेलाचं काम, आणि यातला सर्वांत महत्त्वाचा भाग

डंपिंग ट्रॉलीच्या जॅकला एकच होज लागतो: तेल त्यातूनच जातं आणि त्यातूनच परत येतं. विंचच्या मोटरला तेल आत जायला एक आणि बाहेर पडायला दुसरा होज हवा, आणि परतीचं तेल फिल्टरमधून थेट टाकीत गेलं पाहिजे. परतीची वाट अरुंद झाली तर मोटरचं सील फुटतं. 200 सीसीची ऑर्बिटल मोटर (तेलाच्या दाबावर फिरणारी), तारेच्या दोन जाळ्यांचा अर्धा इंची होज, आणि दोर सोडणं-ओढणं दोन्ही करणारा, सोडला की आपोआप मध्यावर येणारा लिव्हर व्हॉल्व्ह. मिनिटाला 15 लिटर तेल पुरतं. तेवढ्यावर दोर मिनिटाला साधारण 10 मीटर येतो. प्रवाह जास्त असेल तर फ्लो कंट्रोलने कमी करा.

आता रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की तेल परत टाकीकडे वळवणारा व्हॉल्व्ह. विंच किती ओढतो याची फुशारकी सगळे मारतात; तो कुठे थांबतो, हे कुणी सांगत नाही. 10 मिलिमीटरच्या चांगल्या दोराची तुटण्याची ताकद साडेपाच टनांच्या आसपास असते, आणि रोजच्या कामाला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच राहायचं. वर दिलेल्या मापांत तेलाचा दाब 110 बारवर बांधला तर पहिल्या थरावर ओढ सुमारे 1,200 किलो येते, दुसऱ्या थरावर त्याहून थोडी कमी. म्हणजे ओंडका बुंध्यात अडकला तर तेल वळेल, मोटर थांबेल, पण दोर तुटणार नाही. गेज लावून दाब बांधा आणि वर लॉकनट घट्ट करा. काम अडलं म्हणून तो स्क्रू फिरवायचा नाही, अडलेला ओंडका मोकळा करायचा. तुटलेला दोर चाबकासारखा मागे येतो आणि त्याच्या वाटेत माणूस उभा असतो.

ऑर्बिटल मोटर आतून थोडी गळते, त्यामुळे चढावर धरलेला भार हळूहळू खाली सरकतो. त्यासाठी भार धरून ठेवणारा काउंटर बॅलन्स व्हॉल्व्ह घाला आणि ड्रमच्या फ्लँजवर रॅचेट (उलटं न फिरू देणारं दातेरी चक्र) व खिट्टीही ठेवा. तेलाच्या भरवशावर चढावरचा ओंडका सोडून कुणीही जागचं हलू नये.

भरणी

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा, चाकांना दगड लावा आणि भरणीच्या बाजूला कडेखाली दोन टेकू द्या. दोन जड चॅनेलं कडेला आकड्यांनी अडकवून जमिनीपर्यंत कलती टाका, चढ 30 अंशांच्या आत ठेवा. दोन छोट्या दोरांची एकेक टोकं ट्रॉलीच्या त्याच कडेला बांधा, दोर ओंडक्याखालून नेऊन वरून परत आणा आणि एका कडीत घ्या. कडी विंचच्या दोराला, आणि विंचचा दोर पलीकडच्या बाजूच्या कप्पीतून. ड्रम ओढू लागला की ओंडका लोळत वर येतो. या रचनेत लागणारी ओढ निम्मी होते: 360 किलोंच्या ओंडक्याला 30 अंशांवर 90 किलो, वर घर्षण. मात्र ओंडका जितका सरकतो त्याच्या दुप्पट दोर ओढावा लागतो, म्हणून सुरुवातीला कडी ओंडक्याजवळच असू द्या. एक टोक पुढे पळायला लागलं तर लगेच थांबा आणि पहारीने सरळ करा.

ओंडक्याच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाका, म्हणजे तो सुटलाच तर उसळी कमी होते. लिव्हरवर एकच माणूस, आणि इशारा देणाराही एकच.

पहिली चाचणी उद्यमनगरातून बाहेर पडण्याआधीच, दोर एखाद्या पक्क्या खांबाला बांधून आणि सगळ्यांना लांब ठेवून घ्या: रिलीफ व्हॉल्व्ह 110 बारला उघडतो का, खिट्टी बसते का, होजच्या जोडावर तेल झिरपतं का. झिरपणारी जागा हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाचं तेल कातडीत शिरलं तर हात गमवावा लागू शकतो.

कागदपत्रं

साग, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या यादीत आहेत, स्वतःच्या मालकीची असली तरी तोडायला परवानगी लागते. निलगिरीसारख्या झाडांचे नियम वेगळे आहेत, तरी तोडण्याआधी वन परिक्षेत्र कार्यालयात जाऊन तोडीचं आणि वाहतुकीचं दोन्ही विचारून घ्या, विशेषतः शेत राधानगरी अभयारण्याच्या आसपास असेल तर. वाहतूक परवाना लागत असेल तर तो चालकाच्या खिशात हवा. भरलेल्या मालाला दोन ठिकाणी साखळी आवळा, मागे आलेल्या टोकाला लाल कापड बांधा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा.