जुनी बॅटरी घरी सुधारताय? आधी या चुका टाळा

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी बाजूला लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही आणि नेमका तेव्हाच इन्व्हर्टर दहा मिनिटांत ओरडून बंद पडतो. मग दुकानदार सांगतो बॅटरी गेली, शेजारचे काका सांगतात अ‍ॅसिड बदल, आणि ग्रुपवर कोणीतरी बॅटरीत तुरटी घालायचा व्हिडिओ टाकून मोकळा. आणि आपण रोग काय ते न बघताच औषध सुरू करतो, सगळ्यात मोठी चूक हीच.

पाणी घालायची, शिसं-अ‍ॅसिडवाली १२ व्होल्टची जुनी बॅटरी सुधारते, पण प्रत्येक नाही. बरेच दिवस अर्धवट चार्जवर पडून आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरला असेल तर चान्स आहे, पण सेल (बॅटरीतला एक कप्पा) आतून शॉर्ट झाला असेल किंवा प्लेटा झडल्या असतील तर देव आला तरी काही होत नाही. हे ओळखायचं कसं? बॅटरी फुल चार्ज करा, वायरी काढा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी व्होल्ट मोजायचा मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर बरं. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहातला एक सेल मेलाय समजा, कारण एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट असतात. चार्जर चालू असतानाच मीटर लावून "१३.८ दाखवतंय की, चांगली आहे" म्हणणारे लय भेटतात, ते व्होल्टेज चार्जरचं असतं हो.

नुसत्या मीटरवर पण जाऊ नका, हायड्रोमीटर घ्या, म्हणजे अ‍ॅसिड किती कडक आहे ते (ग्रॅव्हिटी) मोजायची काचेची नळी, स्वस्तात मिळतो. प्रत्येक सेलचं बूच काढून अ‍ॅसिड ओढायचं, नळी सरळ उभी धरायची, आतला फ्लोट काचेला चिकटला की रीडिंग चुकतं म्हणून हलकी टिचकी मारायची आणि डोळ्यासमोर धरून वाचायचं. सहाही आकडे कागदावर लिहा. पाच सेल १२२० आणि एकच ११२० असेल तर त्या बॅटरीमागे वेळ घालवू नका. सहाही सारखेच खाली, म्हणजे ११५०-११७० असतील तर उलट खूश व्हा, हिच्यावर मेहनत करण्यात अर्थ आहे. फक्त नुकतंच पाणी घातलं असेल तर लगेच मोजू नका, पाणी वरच राहतं आणि आकडा खोटा येतो.

आता ग्रॅव्हिटी कमी दिसली की लोक काय करतात, तर अ‍ॅसिड ओततात. अरे, अ‍ॅसिड कुठं गेलेलंच नसतं! बॅटरी उतरते तेव्हा त्यातलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं, चार्ज केलं की परत पाण्यात येतं. उडतं ते फक्त पाणी. वरून अ‍ॅसिड घातलं की हायड्रोमीटर छान आकडा दाखवतो पण बॅटरी तेवढीच रिकामी असते, आणि पुढे चार्ज झाली की अ‍ॅसिड इतकं कडक होतं की प्लेटाच खातं. ट्रॅक्टरची बॅटरी कलंडून अ‍ॅसिड सांडलं असेल तरच दुकानातून तयार अ‍ॅसिड आणून घाला, बाकी फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचं नको, फिल्टरचं पण नको, त्यातले क्षार आणि लोखंड बॅटरीला बसल्या जागी उतरवतात. आणि चार्ज करायच्या आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच घाला, खुणेपर्यंत नंतर भरा, नाहीतर चार्जिंगमध्ये उतू येऊन टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल धरतं.

घाई ही पुढची चूक. गॅरेजमध्ये दोन तास जोरात करंट देऊन आणतात, पण सल्फेट धरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज पटकन वर चढतं, चार्जरला वाटतं भरली, आणि आत काहीच गेलेलं नसतं. १५० एएचच्या (अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे क्षमता) बॅटरीला ७-८ अ‍ॅम्पिअर, कारच्या ३५ एएचला दीड-दोन, आणि दिवस-दीड दिवस सावकाश. हात लावून बघत राहा, खोका चांगला गरम लागला की बंद करून थंड होऊ द्या. ग्रॅव्हिटी तास-दोन तासांनी मोजा, सलग तीन वेळा आकडा हलला नाही तर भरली. मग पंखा-बल्ब लावून उतरवा, परत भरा. दोन-तीन फेऱ्यांत आकडे वर आले नाहीत तर हट्ट सोडा.

तुरटी, एप्सम सॉल्ट वगैरेनं घट्ट झालेलं सल्फेट विरघळत नाही, जो फरक दिसतो तो बहुतेक सोबत केलेल्या सावकाश चार्जिंगचा असतो. बॅटरी उलटी करून धुणं तर त्याहून वाईट, तळाचा गाळ प्लेटांच्या मध्ये जाऊन अडकतो आणि चांगला सेल पण शॉर्ट होतो. सीलबंद बॅटरीला ड्रिलनं भोक पाडू नका, एवढंच सांगतो.

चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीनं पेट घेतो. आपल्याकडे जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बाजूलाच देवघर असतं, तिथं निरांजन पेटलेलं असताना हे काम नको. खिडकी उघडी, डोळ्याला चष्मा, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा, आणि आधी चार्जर बंद, मगच क्लॅम्प काढा. अंगावर अ‍ॅसिड उडालं तर भरपूर पाणी ओता. खायचा सोडा फक्त बाहेरची टर्मिनल धुवायला, बुचं घट्ट लावून, आत एक कण जाता कामा नये.

मुळात बॅटऱ्या मरतात त्या पडून. गळीत हंगाम संपला की अथणी-चिक्कोडीकडं ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर शेडमध्ये लागतात, आणि दसऱ्यानंतर सेल्फ मारला की कट्ट! मायनसची वायर काढून ठेवली आणि महिन्याला एकदा चार्ज केलं असतं तर ही वेळच आली नसती.

आणि खरंच गेलेली असेल तर दुकानात परत द्या, नवीन घेताना जुनीचे पैसे वजा होतात. अ‍ॅसिड गटारात ओतून किंवा घरी फोडून शिसं काढून विकायच्या भानगडीत पडू नका, शिशाची धूळ लहान मुलांच्या डोक्यावर परिणाम करते आणि २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी कंपन्यांवर आहे.