सत्तावन्नची शेव्ही घ्यायचीय? आधी गाडीखाली झोपा

दर उन्हाळ्यात आपल्यातलं कोणीतरी फोन करतं, की अरे शेव्ही बघायला चाललोय, काय काय बघू. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि गेली बरीच वर्षं पन्नासच्या दशकातल्या शेव्हींच्या, म्हणजे शेव्हरोले गाड्यांच्या, मागे आहे. माझे आजोबा मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या, म्हणजे शेव्हरोले बनवणाऱ्या कंपनीच्या, कारखान्यात होते, कंपनीने १९५४ ला तिथलं काम गुंडाळलं तरी घरात गोष्टी त्याच चालायच्या, त्यामुळे हे वेड मला आयतंच मिळालंय.

इथे मी फक्त १९५५, ५६ आणि ५७ च्या शेव्हीबद्दल बोलतोय. पहिली जुनी गाडी घेणाऱ्याला मी हीच घ्या म्हणतो, कारण स्क्रूपासून बंपरपर्यंत जवळजवळ सगळे पार्ट आजही नवीन बनतात. शिवाय ५५ पासून शेव्हीला १२ व्होल्टची बॅटरी आली, त्याआधी ६ व्होल्ट होती आणि त्यात थंडीत स्टार्टर कसा कण्हतो ते ऐकवत नाही. तिन्ही वर्षं ओळखायला सोपी आहेत. ५५ ची पुढची जाळी छोटी, बारीक चौकटींची. ५६ ची जाळी गाडीच्या पूर्ण रुंदीची, आणि पेट्रोल भरायचं तोंड डावीकडच्या मागच्या दिव्यामागे लपवलेलं. ५७ चे मागचे पंख तर लांबूनच कळतात, आणि तिचं पेट्रोलचं तोंड डाव्या पंखाच्या क्रोमच्या पट्टीमागे असतं, माहीत नसलेला माणूस पंपावर गाडीभोवती दोन चकरा मारतो. प्रत्येक वर्षी तीन दर्जे होते, सगळ्यात साधी वन-फिफ्टी, मधली टू-टेन आणि वरची बेल एअर.

आता मुद्द्याचं. गाडी बघायला गेलात की मालक बॉनेट उघडून इंजिन सुरू करून दाखवणार, आवाज ऐकून आपण विरघळणार, आणि तिथेच फसायला होतं. इंजिनाचं काय, ते कधीही उतरवून करता येतं. पैसे खातो तो पत्रा. म्हणून मी पोचल्या पोचल्या मालकाला विचारून जमिनीवर पुठ्ठा टाकतो आणि टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली जातो. पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, दाराखालची पेटी ज्याला इथे रॉकर म्हणतात, आणि बॉडी चासीवर जिथे बसते ते सगळे आधार, हे एकेक करून बघायचं. काळा डांबरासारखा ताजा थर मारलेला दिसला तर समजायचं की खाली काहीतरी झाकलंय, तिथे बोटाने टकटक करायची. धड पत्रा टणटण वाजतो, पुट्टी भरलेला बद्द वाजतो. मग बाहेर येऊन छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळायचं, म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही, आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून, दारांच्या खालच्या कडेवरून, पुढच्या मडगार्डच्या चाकामागच्या भागावरून आणि हेडलाइटच्या वरच्या भुवईवरून हळूहळू फिरवायचं. चांगल्या पत्र्यावर ते फडक्यातूनसुद्धा ओढ घेतं, हाताला स्पष्ट जाणवतं. जिथे ते मेल्यासारखं घसरतं तिथे खाली लोखंड नाहीये.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझी पहिली गाडी ५७ ची चार दारांची टू-टेन, हिरवी, रंग असा की त्यात तोंड बघावं. नोव्हेंबरात घेतली, उन्हाळ्यात जॅक लावला तर जॅक रॉकरमध्ये आत गेला, पुट्टीचा हाताएवढा तुकडा खाली पडला आणि त्याच्यामागे कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे निघाले. कोणीतरी कागद भरून वर पुट्टी थापून रंग मारला होता. दोन्ही बाजू कापून नवीन घातल्या, त्या वेल्डिंगला जेवढे पैसे गेले तेवढ्यात इंजिन दोनदा बांधून झालं असतं.

गंज काय करतो ते बघायचं असेल तर टल्साची गोष्ट आठवा. १९५७ ला ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने कोर्टाच्या अंगणात एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्वेडेअर पुरली, ५० वर्षांनी उघडायची म्हणून, अणुबॉम्बसुद्धा सोसेल म्हणे अशा काँक्रीटच्या खोलीत. २००७ ला झाकण काढलं तर आत पाणी शिरलेलं, गाडी गंजून चिखल झालेली. कोणी चालवलीच नाही, तरी गेली. त्यामुळे "फार कमी चाललीय, गॅरेजातच होती" हे ऐकून खूश होऊ नका, गॅरेज कोरडं होतं का ते विचारा. कार्पेटचं एक टोक उचलून खाली हात लावा आणि वास घ्या, ओल लगेच कळते.

पत्रा पास झाला की नंबर. डाव्या पुढच्या दाराच्या खांबावर, बिजागरीच्या बाजूला, नंबरची पट्टी असते. ५७ ची पट्टी व्हीसी५७ अशी सुरू होत असेल तर व्ही म्हणजे कारखान्यातूनच व्ही-८ इंजिन, सी म्हणजे बेल एअर. सी च्या जागी बी असेल तर टू-टेन, ए असेल तर वन-फिफ्टी, आणि व्ही नसेल तर ती सहा सिलिंडरची निघाली होती. पुढचं अक्षर कारखान्याचं, एफ म्हणजे फ्लिंट, बी म्हणजे बाल्टिमोर. दुसरी पट्टी बॉनेट उघडल्यावर फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर, तिच्यावर बॉडीचा प्रकार असतो. बेल एअर हार्डटॉप (काचांमध्ये खांब नसलेली) १०३७डी, कन्व्हर्टिबल (टप दुमडणारी) १०६७डी. हे दोन आकडे हातावर लिहून न्या, कारण टू-टेनला बेल एअरच्या क्रोमच्या पट्ट्या ठोकून विकणारे खूप आहेत. गाडी म्हणून त्यात वाईट काही नाही, पण किंमत टू-टेनचीच द्यायची. फ्युएल इंजेक्शनचे बिल्ले तर सुटे मिळतात, २८३ घनइंचाच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर काढणारी खरी फ्युएल इंजेक्शनची गाडी क्वचितच दिसते. आणि आता अख्खी बॉडी नवीन बनवून मिळते, त्यामुळे खांबावरची पट्टी आणि मालकीचा कागद यातला नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. एक अक्षर चुकलं तरी पैसे न देता परत या.

इंजिनाचं थोडक्यात. ५५ च्या व्ही-८ मध्ये ऑइल फिल्टरची जागाच नव्हती, म्हणून ऑइल किती वेळा बदललं ते विचारा. इंजिन थंड असताना बघायला जा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर अर्धा तास थांबा आणि मग परत सुरू करायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकला दोनच गिअर असतात, तेव्हा चढावर ती ओरडली तर घाबरायचं कारण नाही. ५७ ला आलेली टर्बोग्लाइड ही दुसरी ऑटोमॅटिक मात्र मी तरी टाळेन, ती दुरुस्त करणारे फार कमी आहेत.

चालवताना एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकच, म्हणजे कुठे एक पाइप फुटला की चारही ब्रेक जातात. पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरा, हळूहळू खाली जात असेल तर ती गाडी रस्त्यावर काढूच नका.

एकट्याने जाऊ नका. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड रस्त्यावर या, १९९५ पासून तिथे ड्रीम क्रूझ नावाचा मेळा भरतो, फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत रस्ताभर जुन्या गाड्या. खुर्ची टाकून बसलेल्या एखाद्या आजोबांना त्यांच्या गाडीबद्दल विचारा, ते तुम्हाला गाडीखाली काय बघायचं ते स्वतः वाकून दाखवतील, आणि बऱ्याचदा तुमच्याबरोबर गाडी बघायलाही येतील. सुटे पार्ट हवे असतील तर ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियात हर्शी गावी भरणारा बाजार.

आणि सौदा झाला तरी चालवत घरी आणू नका, ट्रेलरवर आणा. आधी पेट्रोलचे रबरी पाइप बदला, आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगून चिरतं. मग ब्रेकचे तीन रबरी पाइप, ब्रेक ऑइल आणि टायर, टायर दिसायला कितीही नवे असले तरी त्यांच्यावरची तारीख बघून. हे सगळं झालं की मग पहिली चक्कर, तीही गल्लीतच.