फाइल जुळली म्हणजे सर्व्हर जुळला असं नाही

हिंजवडी फेज टूला मी रुजू झाले तेव्हा मला काम एका वाक्यात सांगितलं होतं. क्लायंटचे १४० लिनक्स सर्व्हर आहेत, सगळ्यांची कॉन्फिगरेशन एकसारखी आहेत का ते रोज बघायचं. ड्रिफ्ट म्हणजे काय (सर्व्हरची सेटिंग्ज मंजूर सेटिंग्जपासून हळूहळू सरकणं), अँसिबल किंवा पपेट ही साधनं कशासाठी वापरतात (खूप सर्व्हरवर एकसारखी सेटिंग्ज लावायला) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. क्लासमध्ये तेवढं शिकवतात. जे शिकवत नाहीत आणि ज्याने माझी झोप उडवली, ते नीट सांगायचं आहे.

मी तासगावची. डिप्लोमा करून पुण्यात आले, वाकडला तिघीत एक खोली, पहिले सहा महिने नाइट शिफ्ट. त्या काळात मी एक स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक सर्व्हरवरच्या एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सेवेच्या, मुख्य कॉन्फिग फाइलचा हॅश (मजकुरावरून निघणारी छोटी खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) काढायचा, मंजूर प्रतीच्या हॅशशी ताडून बघायचा, जुळला तर हिरवं, नाही तर लाल. पहाटे पाचला मेल जायचा. अडीच महिने रोज १४० पैकी १४० हिरवे. त्या मेलचा मला फार अभिमान होता, घरी फोन करून सांगितलं होतं.

मग क्लायंटचं ऑडिट आलं. नऊ सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन होत होतं. आमच्या मंजूर फाइलमध्ये ते स्पष्ट बंद केलेलं होतं. कॉलवर मला एवढंच विचारलं गेलं, "रोज हिरवा रिपोर्ट येत होता ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्या पहाटे ड्रॉपच्या कॅबमध्ये डांगे चौक येईपर्यंत मी रडत होते.

झालं होतं ते असं. ते नऊ सर्व्हर उबुंटू २२.०४ चे, क्लाउड इमेजवरून नवीन उभे केलेले. उबुंटूच्या मुख्य एसएसएच फाइलमध्ये अगदी वरच एक इन्क्लूडची ओळ असते. ती शेजारच्या डिरेक्टरीतल्या सगळ्या छोट्या फाइली आत ओढते. आमच्या मंजूर प्रतीतही ती ओळ होती, मी रोज बघत होते आणि तिचा अर्थ लक्षात घेत नव्हते. त्या डिरेक्टरीत क्लाउड-इनिटने, म्हणजे नवीन क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने, ५० आकड्याने सुरू होणारी स्वतःची फाइल टाकली होती आणि तिच्यात पासवर्ड लॉगिन 'येस' होतं. एसएसएचचा नियम असा की एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरायची, नंतरच्या सोडून द्यायच्या. इन्क्लूड वर असल्यामुळे 'येस' आधी वाचलं गेलं आणि मुख्य फाइलमधलं 'नो' कुणी विचारातच घेतलं नाही. हॅश मात्र जुळत राहिला, कारण मुख्य फाइलला कुणी हात लावलेलाच नव्हता.

यावर मी घाईघाईत आणखी एक चूक केली, ती तुम्हीही कराल म्हणून सांगते. आपलं 'नो' मी ९९ आकड्याने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये टाकलं. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलची सेटिंग्ज), सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) ड्रॉप-इनमध्ये, म्हणजे जोड-फाइलींमध्ये, नंतर वाचलेली फाइल जिंकते, म्हणून हात सवयीने ९९ कडे जातो. एसएसएचमध्ये उलट आहे. ९९ च्या आधी ५० वाचली जाते आणि तीच टिकते. फाइलचं नाव ०० ने सुरू केलं तेव्हा दार बंद झालं. म्हणून कुठल्याही सेवेचं मॉनिटरिंग लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: इथे पहिली किंमत जिंकते की शेवटची?

फाइलींचे हॅश ताडणं वाईट नाही, पण त्यावर थांबू नका. एसएसएचडीला, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएचच्या प्रोग्रामला, मोठ्या टीचा (-T) पर्याय दिला की सगळ्या फाइली वाचून शेवटी ठरलेली सेटिंग्ज ते छापतं. ती ताडा. तरीही पुरत नाही, कारण हे आउटपुट डिस्कवरून वाचलेलं असतं. चालू प्रोसेस जुनीच कॉन्फिग घेऊन बसलेली असू शकते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचंही तसंच आहे, मोठ्या टीने दिसतं ते डिस्कवरचं, मेमरीतलं नाही. मी आता प्रोसेस शेवटची कधी सुरू किंवा रीलोड झाली आणि फाइल कधी बदलली या दोन वेळा शेजारी ठेवते. फाइल नवीन असेल तर लाल. आणि शेवटी बाहेरून दार ठोठावून बघते. दुसऱ्या मशीनवरून, एसएसएचची डिजिटल चावी न देता लॉगिनचा प्रयत्न केला की सर्व्हर नकार देताना कोणत्या पद्धती चालतील ते स्वतःच सांगतो. त्या यादीत पासवर्ड दिसला की बाकी रिपोर्ट बाजूला ठेवा.

याच्या उलटही घडतं. चालू सर्व्हर बरोबर असतो, फाइल चूक असते. इलास्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरला कर्नलची मॅक्स मॅप काउंट (एका प्रोसेसला मेमरीचे किती भाग जोडता येतील ती मर्यादा) किमान २६२१४४ लागते. कित्येक कर्नलमध्ये ती मुळात ६५५३० असते. कुणीतरी घाईत कमांडने वाढवलेली, फाइलमध्ये लिहिलेली नाही. महिनोन् महिने सगळं छान चालतं. मग पॅचिंगच्या रात्री रीबूट होतो, किंमत मूळपदावर येते आणि इलास्टिकसर्च उठायलाच तयार नसतं. म्हणून चालू किंमत आणि फाइलमधली किंमत दोन्ही गोळा करा आणि एकमेकींशी ताडा. अशा रात्री तुम्ही कॉलवर एकटे असता. हे मनावर घ्या.

वेळेचंही थोडं बोलते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे आणि लॉग १८० दिवस ठेवायला. घड्याळ कुठून वेळ घेतंय हे तुमच्या यादीत पहिल्या आठवड्यातच असू द्या.

आता माझी मतं. पटली नाहीत तरी वाचा. डम्प, म्हणजे परीक्षेतल्या प्रश्नांचे फिरणारे संच, पाठ करून सर्टिफिकेट मिळवू नका, ऑडिटसमोर ते उघडं पडतं. एका 'चांगल्या' सर्व्हरला आदर्श मानून बाकीचे त्याच्याशी ताडू नका, तोही बिघडतोच. आदर्श हा गिटमध्ये (फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) लिहिलेला आणि कुणीतरी मंजूर केलेला असावा. फरक दिसला की आपोआप दुरुस्त करणारी सोय पहिल्या महिन्यात चालू करू नका, आधी अँसिबलच्या चेक आणि डिफ पर्यायांनी, काहीही न बदलता, फरक नुसतं बघत राहा. आणि जो सीनिअर तुमच्या हातातला कीबोर्ड ओढून स्वतः कमांड मारतो, त्याच्याजवळ बसून काही येत नाही. मला शिकवलं ते आमच्या टीममधल्या एका ताईंनी. त्या ऑडिटनंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी एसएसएचचं मॅन्युअल माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "पहिला परिच्छेद मोठ्याने वाच." पहिली किंमत धरण्याचा नियम तिथेच, सुरुवातीलाच लिहिलेला होता.

त्या चुकीमुळे माझी नोकरी गेली नाही. तुमचीही जाणार नाही, लपवली नाहीत तर. मी त्याच रात्री नऊही सर्व्हरची यादी, कारण आणि माझ्या स्क्रिप्टची उणीव लिहून पाठवली होती. तीच स्क्रिप्ट सुधारून आज चालते.

मागच्या महिन्यात टीममध्ये आलेला एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. "ताई, मोठ्या टीने 'नो' दाखवतंय, पण बॅकअपच्या मशीनवरून पासवर्ड मागतोय." आम्ही दोघं तासभर बसलो. एका छोट्या फाइलमध्ये मॅच ब्लॉक, म्हणजे ठरावीक युजर किंवा पत्त्यापुरताच लागू होणारा सेटिंग्जचा तुकडा, निघाला, फक्त बॅकअप सर्व्हरच्या आयपीसाठी पासवर्ड चालू करणारा. मॅच ब्लॉक वरच्या सर्वसाधारण सेटिंगवर मात करतो आणि युजर, पत्ता न देता विचारलं तर मोठा टी तो दाखवत नाही. मोठ्या सीचा (-C) पर्याय जोडून तो आयपी दिला आणि 'येस' दिसलं. कुणी टाकला, कशासाठी, कधी काढायचा हे त्यानेच शोधून अपवादांच्या यादीत तारखेसकट लिहिलं. पंधरा दिवसांनी ती तारीख आली तेव्हा ब्लॉक काढला आणि बाहेरून पुन्हा तपासून मला मेल केला.