गुळाचा चहा फुटू नये म्हणून

धाकट्या जावेचा सकाळी सकाळी फोन. "अक्का, चहा परत फुटला. गूळच भेसळीचा दिसतोय." गूळ पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळावरचा, मीच दिलेला. म्हणजे आता उत्तर देणं आलं. दूध संकलन केंद्रात २६ वर्षं मी दुधाची आम्लता तपासली, गुळाला उगाच दोष दिलेला मला खपत नाही.

मातीच्या तपासणीत जो सामू (पीएच) लिहून येतो, तोच इथं बघायचा. ७ म्हणजे आंबटही नाही आणि अल्कधर्मीही नाही. आकडा उतरेल तसा आंबटपणा वाढतो, एका अंकाला दहापट. ताजं दूध ६.६ च्या आसपास असतं, कोरा चहा ५ च्या, लिंबाचा रस तर २ ते २.५. गार दूध ४.६ पर्यंत उतरलं की त्यातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं. उकळतं दूध मात्र तेवढं थांबत नाही, बरंच आधी फुटतं. म्हणून लिंबू फक्त कोऱ्या चहात.

आता गूळ. उसाचा रस मुळातच आंबटसर, साडेपाचच्या आतबाहेर. तो आंबटपणा मारायला गुऱ्हाळात चुन्याची निवळी घालतात. चुना कमी पडला की गूळ आंबट राहतो, आणि पावसाळ्यात पाणी सुटलेला गूळ तर आंबूनच जातो. खडा जिभेवर ठेवून बघा. गोडामागून जीभ चुरचुरली तर तो गूळ पोळ्यांना ठेवा.

दुधाचीही परीक्षा करा. केंद्रात आम्ही परीक्षानळीत थोडं दूध उकळून बघायचो, घरी पळी चालते. कण दिसले तर ते दूध चहाला नको. सकाळचं दूध दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं की वास येण्याआधीच त्यात आम्ल चढलेलं असतं.

दोन कपांसाठी कपभर पाणी घ्या. आलं ठेचून त्याच पाण्यात टाका आणि दोन-तीन मिनिटं चांगलं खळखळू द्या. कच्च्या आल्यात दूध फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते उकळीनं मरतं. आलं दुधानंतर टाकणाऱ्यांचा चहा गुळाशिवायही फुटतो, आणि बोल मात्र गुळाला. मग दोन चमचे पावडर, दीड-दोन मिनिटं. जास्त उकळलीत तर चहा तुरट होईल. तुरट म्हणजे आंबट नव्हे, पण पिववत नाही. मग कपभर तापवलेलं दूध घालून एक उकळी येऊ द्या. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, किसलेला गूळ घालून ढवळा, गाळा. गूळ पडल्यावर भांडं परत गॅसवर चढवायचं नाही. पाहुणे उशिरा आले तर त्यांना नवा चहा करा.

चिमूटभर खायचा सोडा टाकला तर फुटत नाही, हे खरं. पण चहा काळपट होतो आणि साबणासारखा लागतो. काश्मिरात नून चायला सोडा घालतात तो गुलाबी रंगासाठी, ती पत्ती आणि ती रीतच निराळी.

जावेला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तर गूळ पहिल्यापासून पाण्यातच उकळते. पूर्वी कधी फुटला नाही." मी विचारलं, घरात नवीन काय आलं? दिवाळीत आरओचा फिल्टर बसवला होता. तोवर चहा बोअरच्या पाण्याचा व्हायचा. त्या जड पाण्यातले क्षार गुळाचा आणि पत्तीचा आंबटपणा थोडाफार मारतात. रंग मंद येतो, वर तवंग धरतो, पण दूध सांभाळलं जातं. फिल्टरनं ते क्षारच काढून घेतले.

फिल्टर काढू नकोस म्हटलं, गूळ तेवढा शेवटी घाल.