वकिली आणि सरकारी कामकाजात उतरणाऱ्या खान्देशातल्या मुलींनो, या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली. तीन वर्षं एका दिवाणी वकिलांकडे ज्युनियर होती. दावे तिनं लिहिलेले, कैफियती (दाव्याला दिलेली लेखी उत्तरं) तिच्या, पुराव्याची शपथपत्रं तिची. जळगावच्या मे महिन्यात नकलांच्या खिडकीपाशी उभी राहणारीही तीच. आता न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसायचं म्हणून अनुभवाचा दाखला हवा होता. ‘वकीलपत्रं आण,’ म्हटलं. एकाही वकीलपत्रावर तिचं नाव नव्हतं. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, सगळीकडे साहेबांची हजेरी.

तिला रागावता आलं नाही, कारण मीही तेच केलं होतं. फरक इतकाच की माझ्या वेळी नव्या पदवीधरांनाही ती परीक्षा देता येत होती. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान ३ वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) तारखेपासून मोजतात. दाखला देतात ते त्या न्यायालयाचे प्रमुख न्यायिक अधिकारी, किंवा किमान १० वर्षं वकिली झालेले वकील, पण मग त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांची पुष्टी लागते. आता तिनं कुणाकडे काय दाखवून दाखला मागायचा?

काम आपलं, कागद दुसऱ्याचा

ही चूक सगळ्यांत महागात पडते, म्हणून तिच्यावर जास्त बोलते. आपल्याकडे मुलींना घरात शिकवतात की काम करावं, पण बोलून दाखवू नये. कोर्टात हा संस्कार उलटा पडतो. सनद मिळाल्या दिवसापासून सीनियरांना एवढंच विचारा, ‘सर, वकीलपत्रावर माझंही नाव घालू का?’ बहुतेक जण ‘घाल की’ म्हणतात. त्यांना ते सुचलेलं नसतं आणि आपण विचारलेलं नसतं. मुदतीचा अर्ज असो, साधी पुरसिस (कोर्टाला दिलेली लेखी माहिती) असो, तुम्ही उभ्या राहिलात तर सही तुमची हवी. एक वही ठेवा. तारीख, कोर्ट, प्रकरणाचा सीएनआर नंबर (ई-कोर्टातला त्याचा ओळख क्रमांक) आणि त्या दिवशी काय केलं, एवढ्या चार गोष्टी रोज संध्याकाळी लिहायच्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण तीन वर्षांनी आठवून लिहायला बसलात तर पंधरा दिवस जातात आणि तरी ते खरं वाटत नाही.

‘नाव नको’ म्हणणारे सीनियर भेटले तर? सहा महिने शिका आणि जागा बदला. पाया पडून निघा, भांडून नको. जिल्ह्याचा बार लहान असतो, दुपारी चहाला तीच माणसं भेटतात.

याच कागदातली दुसरी मेख म्हणजे लग्नानंतरचं नाव. पदवी माहेरच्या नावावर, सनद सासरच्या, बार परीक्षेचं (वकिलीसाठीच्या अखिल भारतीय परीक्षेचं) प्रमाणपत्र तिसऱ्याच स्पेलिंगनं, अशा फायली मी पाहिल्यात. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. बदलायचंच असेल तर आधी राजपत्रात प्रसिद्ध करा आणि मग सगळीकडे एकदम बदला. सासूबाईंना हे मी समजावून सांगायला तयार आहे, पाठवा त्यांना.

पैशांचं थोडक्यात. सनदेची नोंदणी फी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. ज्युनियरला महिना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचं ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक सांगतं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आपल्याकडे अनेकींना रिक्षाभाडंही सुटत नाही. तरी पहिल्याच दिवशी आकडा विचारा. विचारलं म्हणून कुणी दारातून परत पाठवत नाही.

नोकरीही हवी, सनदही चालू हवी

कंपनीच्या शासकीय संपर्क विभागात, बँकेत कायदा अधिकारी म्हणून किंवा एखाद्या संस्थेत पूर्णवेळ पगारावर लागलात, तर वकिली चालू ठेवता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे ते कळवून सनद तात्पुरती थांबवावी लागते. मुली कळवत नाहीत. मग पगाराच्या पावत्या आणि वकिलीचा दाखला एकाच काळाचे निघतात, आणि निवड झाल्यावर कागदपत्र तपासणीत ते उघडं पडतं. मुख्यमंत्री फेलोशिपचंही तसंच. ती २१ ते २६ वयातच मिळते आणि पूर्णवेळ असते. मंत्रालय आतून बघायला उत्तम, पण ते वर्ष तीन वर्षांच्या वकिलीत धरू नका. आधी काय आणि नंतर काय, हे वयाच्या हिशेबानं तेविसाव्या वर्षीच मांडून ठेवा.

बार परीक्षा तात्पुरत्या सनदेनंतर दोन वर्षांत पास व्हायची असते. पूर्वी पुस्तकं घेऊन बसायला द्यायचे, त्या भरवशावर राहू नका; आता टिपा नसलेले मूळ कायदेच (बेअर अॅक्ट) चालतात.

नाशिक की संभाजीनगर?

खान्देशाचं हे खास दुखणं आहे आणि पुण्यात शिकून आलेल्या मुली इथंच अडकतात. जळगाव, धुळे, नंदुरबार महसुलाच्या बाबतीत नाशिक विभागात येतात, पण उच्च न्यायालयासाठी आपण छत्रपती संभाजीनगर खंडपीठाखाली. म्हणजे एकाच शेताच्या भांडणात अपील-पुनरीक्षणाची चढण नाशिकच्या विभागीय आयुक्तालयाकडे जाते आणि रिट याचिका करायची तर अजिंठ्याचा किंवा कन्नडचा घाट चढावा लागतो. एका पक्षकाराला मी माझ्या पहिल्या वर्षी चुकीच्या शहरात पाठवलं होतं. तो दिवसभर फिरून आला आणि म्हणाला, ‘ताई, मन्हा सातबारावर भाऊनं नाव लागी गयं, आन तुम्ही माले कथा धाडं?’ (मला कुठं धाडलंत?) अजून आठवलं की कान गरम होतात.

फेरफाराच्या (सातबारावरच्या नावबदलाच्या) आदेशावर प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील करायचं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५० प्रमाणे ६० दिवस मिळतात. आदेश जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचा असेल तर ९०. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण त्यासाठी नकलेचा अर्ज तर केलेला हवा! म्हणून आदेश कळला त्याच दिवशी नकलेचा अर्ज. आणि मालकी कुणाची हे फेरफार ठरवत नाही, ते दिवाणी न्यायालय ठरवतं. हे न ओळखल्यामुळे तलाठ्याशी चार-चार वर्षं भांडत बसलेली कुटुंबं गावोगाव आहेत.

नंदुरबारच्या आदिवासी भागात, अक्कलकुवा-धडगावकडे काम करायचं असेल तर पुस्तकंच बदलतात. तिथं वनहक्क कायदा २००६, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), आणि आदिवासींच्या जमिनीसाठी संहितेचं कलम ३६-अ. वनहक्क दाव्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्याविरुद्ध जिल्हा समितीकडे, दोन्हीकडे ६० दिवस. तिथं भिली आणि पावरी चालते. दुभाष्यावर सगळं सोडलं तर साक्षीदार काय म्हणाला ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

भाषेवरून आठवलं. अहिराणीची लाज बाळगू नका. जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे आणि पक्षकाराचं पोट अहिराणीत मोकळं होतं. खंडपीठात मात्र इंग्रजीशिवाय चालत नाही, त्यामुळे रोज एक निकाल मोठ्यानं वाचायची सवय आत्ताच लावा.

‘जीआर आहे’ म्हणून निश्चिंत

सरकारी कामकाजातली नेहमीची फजिती अशी: मुलगी शासन निर्णय (जीआर) छापून घेऊन जाते, समोरचे साहेब म्हणतात, ‘हा अधिक्रमित झालाय,’ म्हणजे नव्या निर्णयानं रद्द झालाय. निर्णय हातात आला की आधी संदर्भ क्रमांक वाचा, संकेतांकावरून संकेतस्थळावर शोधा आणि त्याच विषयावर नंतर काही निघालंय का ते पाहा. शासन निर्णय, परिपत्रक आणि अधिसूचना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जीआर कायद्याला डावलू शकत नाही, हे अधिकाऱ्यालाही नम्रपणे सांगता आलं पाहिजे.

अर्ज थेट साहेबांच्या हातात देऊ नका. साहेब हसून घेतात आणि कागद टेबलावर राहतो. बारनिशीत (कार्यालयाच्या आवक-जावक विभागात) द्या, पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. मंत्रालयात गेलात तर मंत्र्यांच्या दालनाबाहेर थांबण्याआधी फाइल कुठल्या कार्यासनाकडे (विभागातल्या तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे) आहे ते विचारा, टिपणी तिथूनच सुरू होते. माहितीच्या अधिकारात पानभर कैफियत लिहू नका. महाराष्ट्राच्या नियमात एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

सत्काराच्या कार्यक्रमात सगळे प्रतिभाताई पाटलांचं नाव घेतात. बोदवड तालुक्यातल्या नाडगावची मुलगी, १९६२ साली २७ व्या वर्षी आमदार, पुढे २००७ मध्ये राष्ट्रपती. त्याआधी त्यांनी जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली केली होती, एवढं वाक्य मात्र भाषणातून हमखास गळतं.

संध्याकाळच्या बैठका

‘फाइलवर बोलायचंय, सातनंतर या’ असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं ठेवा: उद्या अकराला येते. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही. त्याउपर काही घडलं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली ३ महिन्यांत लेखी तक्रार. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिच्या अध्यक्षांचं नाव आणि पत्ता गरज पडण्याआधी माहीत करून घ्या. मेसेज पुसू नका, किळस आली तरी.

ती मुलगी आता दुसऱ्या वकिलांकडे जाते. गेल्या आठवड्यात तिनं रोजनाम्याचा फोटो पाठवला. हजेरीत तिचं नाव होतं, पण आडनाव चुकलेलं. मी लिहिलं, दुरुस्तीचा अर्ज दे. ती म्हणाली, सकाळीच दिलाय, पोचही घेतलीय.