पोस्टर की तोंडी? परिषदेत पहिल्यांदा काम मांडताना

संशोधन परिषदेला गोषवारा पाठवताना एक रकाना भरावा लागतो: तोंडी सादरीकरण की पोस्टर, म्हणजे मोठ्या कागदावर काम छापून त्यापाशी उभं राहून समजावणं. बहुतेक नवखे डोळे झाकून 'तोंडी'वर खूण करतात, कारण पोस्टर दुय्यम असतं हा समज. तो मनातून काढून टाका. तोंडी सादरीकरणाला साधारण १५ मिनिटं मिळतात, त्यातली ३ प्रश्नांची. पोस्टरपाशी तास-दीड तास उभं राहता येतं, आणि ज्याला विषयात रस आहे तोच थांबून विचारतो. काम अजून चालू असेल, पद्धतीबद्दल सल्ला हवा असेल, तर पोस्टरच घ्या. युक्तिवाद टप्प्याटप्प्यानं उलगडायचा असेल, जसा इतिहासात किंवा साहित्यात, तर तोंडी.

पोस्टरचा आकार आणि उभं-आडवं आयोजक कळवतात. त्यांनी 'ए-झिरो' सांगितला, तर तो ८४१ × ११८९ मिमी. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा आकार आधी बदला, मजकूर नंतर टाका. उलट केलंत तर आकृत्या ताणल्या जातात. शीर्षक ८५ पॉइंटच्या वर ठेवा, मजकूर २४ च्या खाली नको. मग तेच पोस्टर ए-फोर कागदावर छापून बघा. सगळं चौपट लहान होतं, २४ चा मजकूर ६ पॉइंटचा होतो. तो हातात धरून वाचता आला, तर पोस्टर लांबूनही वाचता येईल.

चित्रांचा घोटाळा नेहमीचा. ८०० पिक्सेल रुंदीचा आलेख १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर नीट छापला जातो. तो ओढून अर्धा मीटर केला की अक्षांवरचे आकडे विरघळतात. स्क्रीनवर हे कळत नाही, कारण तिथं अख्खं पोस्टर लहान करून दिसतं. म्हणून १०० टक्क्यांवर झूम करून प्रत्येक आकृती तपासा.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक काळजी. फ्लेक्सवाल्याकडच्या जुन्या कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड (आज संगणकावर नेहमी टाइप होतो तो) मजकूर उघडला की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, ती न उघडता थेट छापायला सांगा, आणि छापून आलेलं दुकानातच वाचून घ्या. चकचकीत फ्लेक्सवर सभागृहातले दिवे चमकतात, तेव्हा मॅट घ्या. घडी घालू नका, गुंडाळी करून नळीतून न्या. पिना आणि दुहेरी टेप स्वतःची.

माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधकानं २०१९ मध्ये मांडलेली रचनाही विचारात घ्या: मधोमध मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष, तपशील कडेला. निष्कर्ष ठाम असेल तर ती शोभते. गुंतागुंतीच्या कामाला मधली जागा वाया जाते.

पोस्टरसमोर नव्हे, बाजूला उभे राहा. मिनिटभरात सांगता येईल असं तयार ठेवा: प्रश्न काय, केलं काय, मिळालं काय. पोस्टर वाचून दाखवू नका.

तोंडी सादरीकरण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. प्रस्तावना आणि आधीच्या संशोधनाचा आढावा निम्मा वेळ खातात, निष्कर्षावर येईपर्यंत सत्राध्यक्षांची घंटा वाजते. बोलायच्या १२ मिनिटांत पाचव्या मिनिटाला निष्कर्ष दिसला पाहिजे. लिहून काढलेला मजकूर असेल तर मिनिटाला १०० ते १२० शब्द धरा, म्हणजे फार तर १४०० शब्द. घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा, कारण मनात वाचताना वेग वाढतो. वेळ संपत आली तर कोणत्या दोन स्लाइड गाळायच्या, ते आधीच ठरवा. पेनड्राइव्हवर सादरीकरणाबरोबर त्याची पीडीएफही ठेवा आणि सत्राआधीच्या चहाच्या सुट्टीत तिथल्या संगणकावर उघडून बघा.

प्रश्न आला की तो पूर्ण होऊ द्या. उत्तर येत नसेल तर 'हे आम्ही तपासलेलं नाही' असं सरळ सांगा आणि तिथंच वहीत टिपून घ्या. विचारणाऱ्याला सत्रानंतर गाठा. पुढचा शोधनिबंध लिहिताना त्याच्याकडूनच सर्वांत नेमके संदर्भ मिळतात.